ख्रिस्ती मुलीने कबड्डी खेळावी का?

प्रश्न असा आला आहे: "मी १९ वर्षांची आहे, वाळवा तालुक्यातल्या एका मंडळाकडून बचावात डावा कोपरा खेळते. घर ख्रिस्ती आहे. मागच्या महिन्यात जत्रेतल्या स्पर्धेत उपांत्य सामन्याला चढाई करणाऱ्या मुलीचा पाय माझ्या पोटरीला लागला. पंचांना दिसलं नाही. तिने माझ्याकडे बोट दाखवलं, पंचांनी माझ्याकडे बघितलं आणि मी मान हलवून नाही म्हटलं. आम्ही एका गुणाने जिंकलो. तेव्हापासून मला उपासनेत बसवत नाही. प्रशिक्षक म्हणतात, खेळात एवढं चालतं. मावशी संडेस्कूल घेते, ती म्हणते हा झोंबाझोंबीचा खेळ आपल्या मुलींना शोभत नाही, सोडून दे. त्यात अंतिम सामने रविवारी असतात, आणि मैदानावर नारळ फोडतात तेव्हा मी काय करावं तेही कळत नाही. मी खेळावं का?"

खेळ. हे आधीच सांगून टाकते, कारण उत्तर लांबलं आहे आणि वाचता वाचता तुला असं वाटायला नको, की मॅडम शेवटी सोडूनच द्यायला सांगणार.

मी मिरजेत शाळेत खेळ शिकवले, त्याआधी जिल्ह्याकडून कबड्डी खेळले आणि अजूनही सांगली-साताऱ्याच्या स्पर्धांना पंच म्हणून जाते. आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, वडीलमंडळातही आहे. त्यामुळे तुझ्या मावशीची भाषा मला कळते आणि प्रशिक्षकांचीही. दोघांचं म्हणणं मला पटत नाही, आणि दोघांची गफलत एकाच जागी होते. मैदान म्हणजे देवाच्या हद्दीबाहेरची जागा, असं दोघंही धरून चालतात. मावशी म्हणते, म्हणून तिथे जाऊच नकोस. प्रशिक्षक म्हणतात, म्हणून तिथे काहीही चालतं. तुला उपासनेत बसवत नाही याचा अर्थ एवढाच, की तू ते मानत नाहीस. ही चांगली गोष्ट आहे.

आधी मावशीचं बघू. तिच्याजवळ बसून करिंथकरांस पहिलं पत्र काढ, ९ वा अध्याय, शेवटच्या चार ओव्या. ते लिहिणारा प्रेषित पौल ग्रीसमधल्या करिंथात दीड वर्ष राहिला होता. त्या शहराजवळ दर दोन वर्षांनी इस्थमियाचे खेळ भरत. शर्यती असत, कुस्ती असे, मुष्टियुद्ध असे, आणि जिंकणाऱ्याला हिरव्या डहाळ्यांचा मुकुट मिळे, तोही काही दिवसांत सुकून जाणारा. ज्या लोकांना तो लिहीत होता त्यांनी हे डोळ्यांनी पाहिलेलं होतं. त्यांना पौल सांगतो की शर्यतीत सगळे धावतात पण बक्षीस एकालाच मिळतं, तेव्हा असं धावा की ते तुम्हालाच मिळेल. हळू धावा, दुसऱ्याला पुढे जाऊ द्या, असं तो म्हणत नाही. दोन ओव्यांनंतर तो मुष्टियोद्ध्याचा दाखला स्वतःला लावतो. आणि झोंबाझोंबीच म्हणायची तर उत्पत्तीच्या ३२ व्या अध्यायात याकोब यब्बोक नदीच्या उताराजवळ पहाट होईपर्यंत झुंजला, मांडीचा सांधा निखळला तरी आशीर्वाद घेतल्याशिवाय त्याने सोडलं नाही. अंगाला अंग भिडणं पवित्र शास्त्राला वर्ज्य नाही. ते भिडणं कशासाठी आहे, एवढंच तिथे विचारलं जातं.

म्हणून पकड करताना जोर कमी करू नकोस. आपल्या समाजातल्या बऱ्याच मुली इथेच अडखळतात. सौम्य असावं, नम्र असावं हे लहानपणापासून कानांवर पडलेलं असतं आणि मैदानावर आल्यावर त्यांचे हात ढिले पडतात. ढिल्या हाताने धरलेला घोटा दोघींनाही घातक असतो. चढाई करणारी अर्धवट सुटते, तोल जाऊन वेडीवाकडी पडते, तुझी बोटं तिच्या पायाखाली येतात. पूर्ण ताकदीची, वेळेवर घातलेली घोटापकड स्वच्छ असते. ती मुलगी महिनोन्महिने घाम गाळून तुझ्यासमोर आली आहे, तिला तुझ्या पूर्ण ताकदीचा हक्क आहे. प्रतिस्पर्ध्याला मान देण्याची मला माहीत असलेली पहिली रीत हीच आहे.

सीमा कुठे आहे ते मात्र अगदी जवळून दाखवते, कारण लांबून ती दिसत नाही. हातात हात धरून केलेली साखळी जमली, चढाई करणारी खाली आली, तिच्यावर तिघी-चौघी आहेत, पंचाने शिट्टी वाजवली. आता ती बाद आहे, गुण तुमचा झाला आहे. पण तिचा घोटा अजून तुझ्या दोन्ही हातांत आहे आणि तिचा गुडघा अडकलेला आहे. इथे एक सेकंद असतो. काही जणी शिट्टीबरोबर हात उघडतात. काही जणी उठता उठता तो घोटा एकदा पिळतात, किंवा अंगाचा भार तिच्या गुडघ्यावर टाकून उठतात. प्रेक्षकांना काही कळत नाही, पंचालाही बऱ्याचदा कळत नाही, कारण सगळ्या एकमेकींवर पडलेल्या असतात. जिचा पाय आहे तिला कळतं, आणि जिने पिळला तिला कळतं. कबड्डीत गुडघ्याचा अस्थिबंध तुटून खेळ संपलेल्या कितीतरी मुली मी बघितल्या आहेत. दिसलं तर नियमात त्याला हिरवं कार्ड आहे, पिवळं दाखवून २ मिनिटं बाहेर बसवता येतं, लाल दाखवून सामन्यातून काढता येतं. पण शत्रूवर प्रीती करा या आज्ञेला कबड्डीच्या मैदानात सर्वांत जास्त काम या एका सेकंदात आहे. शिट्टी झाली की हात उघडायचे, बाजूला व्हायचं आणि ती उठली का ते बघायचं. सरावातच ही सवय लाव. प्रशिक्षकांनी शिट्टी वाजवायची आणि तू हात सोडायचे, एवढंच शंभरदा कर. सामन्यात रक्त तापलेलं असताना सद्विचार सुचत नाहीत, सवय मात्र चालते.

आता तुझ्या पोटरीचा तो स्पर्श. हा विषय सावकाश घेऊ, कारण तू सगळ्यात जास्त यानेच बेचैन आहेस आणि आपल्या लोकांत यावर फार ढोबळ बोललं जातं.

कबड्डीचा नियम तुला माहीत आहे, पण मावशीला दाखवायला म्हणून लिहिते. चढाई करणारीचा स्पर्श झाला आणि ती ३० सेकंदांच्या आत, दम न सोडता मध्यरेषा ओलांडून परत गेली, की जिला स्पर्श झाला ती बाद. परतण्याआधी तिला पकडलं तर बाद ती होते. म्हणजे स्पर्श झाल्या झाल्या तू थांबायचं, हात वर करायचे, असलं काही खेळ तुझ्याकडून मागत नाही. उलट त्याच क्षणी तिला धरायचं असतं. इथे प्रामाणिकपणा म्हणून थांबणाऱ्या मुलीला खेळ कळलेला नाही. प्रश्न येतो तो ती सुखरूप परत गेल्यानंतर.

मग तीन वेगवेगळे प्रसंग उद्भवतात आणि त्यांची उत्तरं वेगवेगळी आहेत. कधी तुलाच खात्री नसते. कापड लागलं की पाय, आधी लागलं की शिट्टीनंतर, काही सांगता येत नाही. तेव्हा गप्प राहा, पंच आहेत, त्यांचं काम त्यांना करू दे. खात्री नसताना बाहेर जाणं म्हणजे तुझ्या संघाचा गुण तू उधळलास. त्यात पुण्य काही नाही. दुसरा प्रसंग तुझा होता. पंचाने विचारलं, तोंडाने नाही तर नजरेने, आणि तू मान हलवलीस. ते खोटं बोलणं झालं. जीभ हलली नाही एवढाच फरक. डोंगरावरच्या प्रवचनात प्रभू येशूने सांगितलं की तुमचं होय ते होय असावं आणि नाही ते नाही. त्यात मान हलवणंही आलं. इथे मला दुसरा विचार दिसत नाही. विचारलं तर खरं सांगायचं, पहिल्या मिनिटाला असो की शेवटच्या चढाईला.

तिसरा प्रसंग अवघड. तुला पक्कं माहीत आहे, पण कोणीच विचारलेलं नाही. चढाई करणारीलाही कळलेलं नाही. नियम तुला बोलायला बांधत नाही. यावर चांगल्या, श्रद्धावान खेळाडूंचीही दोन मतं आहेत. एक मत असं, की निर्णय हे पंचाचं काम, पंच कधी माझ्याविरुद्धही चुकतो, शेवटी हिशेब जुळतो. माझं मत दुसरं आहे. बाहेर जा. हिशेब जुळतो म्हणणाऱ्यांना पंचाच्या चुका गोळा करून स्वतःच्या चुका फेडायच्या असतात, आणि तो हिशेब कधी पूर्ण होत नाही. पण हे मत मी तुझ्यावर लादणार नाही. विचारल्यावर खोटं न बोलणं ही आज्ञा आहे. न विचारता उठून जाणं हे मोठं मन आहे, आणि ते वाढायला वेळ लागतो.

पंच म्हणून एक गोष्ट सांगते, ती खेळाडूंना ठाऊक नसते. जत्रेच्या मैदानात कॅमेरा नसतो, फेरतपासणी नसते. दोन पंच दोन बाजूंना, एक सरपंच, वर हॅलोजनचा उजेड आणि हवेत धूळ. चढाई करणारीची पाठ नेमकी आमच्या नजरेसमोर आली तर स्पर्श दिसत नाही, मग आम्ही चेहरे बघतो. जिला लागलेलं असतं तिची नजर क्षणभर स्वतःच्या पायाकडे जाते. तो क्षण हुकला तर मैदानात कोणाचा शब्द खरा मानायचा याचा अंदाज आमच्याजवळ वर्षानुवर्षांचा असतो. खोटी बोटं दाखवणाऱ्या मुली आम्हाला माहीत असतात, तशाच खरं बोलणाऱ्याही. पण म्हणून खरं बोलण्याने पुढे कधीतरी फायदाच होतो असं मी तुला सांगणार नाही. नुकसान होतं, आणि ते त्याच दिवशी होतं. १९८० साली मुंबईत क्रिकेटच्या सुवर्णमहोत्सवी कसोटीत पंचांनी इंग्लंडच्या बॉब टेलरला बाद दिलं होतं, भारताचे कर्णधार गुंडाप्पा विश्वनाथ यांनी त्याला परत बोलावलं. टेलर आणि बोथम यांनी १७१ धावांची भागीदारी केली आणि भारत १० गड्यांनी हरला. विश्वनाथ ख्रिस्ती नव्हते. खरेपणावर आपला मक्ता नाही हेही त्यातून दिसतं. आपल्याला तो खरेपणा आज्ञा म्हणून मिळालेला आहे, त्यामुळे आपल्याला पळवाट कमी आहे एवढंच.

"बाकीच्या सहा जणींचं काय, माझ्या खरेपणाची किंमत त्यांनी का द्यावी?" हा प्रश्न तू लिहिलेला नाहीस, पण तो तुझ्या मनात असणार. तो खरा प्रश्न आहे. त्याचं उत्तर सामन्याच्या आधी द्यायचं असतं. कर्णधाराला आणि संघाला हंगामाच्या सुरुवातीलाच सांग, की मला विचारलं तर मी खरं सांगणार, मला तसंच गृहीत धरून खेळा. एखादी चिडेल. पण सामन्यात अचानक समजण्यापेक्षा आधी समजलेलं बरं, आणि कितीतरी संघांत अशी एक मुलगी असल्याने इतरांचंही वागणं सावरलेलं मी पाहिलं आहे.

आता झालेल्याचं काय? निकाल बदलणार नाही, हरकतीची वेळ गेली. बक्षिसाची रक्कम मंडळाची आहे, ती तू एकटी परत करू शकत नाहीस. पण ती चढाई करणारी मुलगी आहे ना. तिने बोट दाखवलं तेव्हा ती खरं बोलत होती आणि सगळ्या मैदानासमोर ती खोटी ठरली. तिचं जे गेलं ते गुणापेक्षा मोठं आहे आणि ते तुला परत करता येतं. तिला फोन कर. "त्या दिवशी तुझा स्पर्श झाला होता, मी नाही म्हटलं, माझं चुकलं" एवढं तीन वाक्यांत सांग. कारणं देऊ नकोस, रडू नकोस, तिने माफ केलंच पाहिजे अशी अपेक्षा ठेवू नकोस. ती रागावली तर ऐकून घे. मग तुझ्या कर्णधाराला सांग. उपासनेत बसण्याआधी भावाशी समेट कर असं मत्तयाच्या ५ व्या अध्यायातच आहे, वेदीपुढे दान ठेवून आधी जा म्हणून. तुला बसवत नाही त्याचा इलाज तिथे लिहिलेला आहे.

जिंकण्याबद्दल थोडं. आपल्या घरांत जिंकण्याची इच्छा असणं म्हणजे गर्व, असा एक समज आहे. आणि दुसरीकडे, प्रार्थना केली की देव जिंकवतो असाही एक समज आहे. दोन्ही खेळाडूचं नुकसान करतात. तू प्रार्थना करतेस तशी समोरच्या संघातही कोणीतरी करत असेल. दोन्ही बाजूंच्या मुली धड घरी जाव्यात आणि मला आज पूर्ण खेळता यावं, यापलीकडे मी कधी काही मागितलं नाही, मुलींनाही मागायला शिकवलं नाही.

क्रिकेटपटू विजय हजारे आपल्या सांगलीचे, ११ मार्च १९१५ ला इथे जन्मलेले, मराठी ख्रिस्ती कुटुंबातले, वडील शाळामास्तर. त्यांच्या दोन मोठ्या खेळ्या बघ. मुंबईच्या पंचरंगी स्पर्धेत ते 'द रेस्ट' या संघाकडून खेळत, ज्यात ख्रिस्ती आणि इतर लहान समाजांचे खेळाडू असत. १९४३-४४ च्या अंतिम सामन्यात हिंदू संघाविरुद्ध दुसऱ्या डावात संघाच्या ३८७ धावा झाल्या, त्यातल्या ३०९ एकट्या हजाऱ्यांच्या. सामना डावाने हरले. जानेवारी १९४८ मध्ये ॲडलेडला ब्रॅडमनच्या संघापुढे त्यांनी एकाच कसोटीत ११६ आणि १४५ केल्या. तीही कसोटी भारत डावाने हरला. पुढे १९५२ ला मद्रासमध्ये भारताने पहिली कसोटी जिंकली तेव्हा कर्णधार हजारेच होते, पण मी मुलींना आधीच्या दोन खेळ्याच सांगते. सामना हातातून गेलेला आहे हे दिसत असताना पूर्ण खेळणं, प्रत्येक चेंडूला त्याचं देणं देणं, हे जिंकण्याच्या हव्यासाने होत नाही. दहा गुणांनी मागे असताना, शेवटची तीन मिनिटं उरली असताना, तू कोपऱ्यात पाय रोवून उभी राहतेस की कमरेवर हात ठेवून उभी राहतेस? मला खेळाडू तिथे कळते.

मत्सराबद्दल कोणी प्रश्न विचारत नाही, म्हणून मीच काढते. समोरच्या संघाचा मत्सर वाटत नाही, तो वाटतो आपल्याच संघातल्या, आपल्याच जागेवर खेळणाऱ्या मुलीचा. तुझ्या मंडळात तुझ्या मागे एखादी सतरा वर्षांची पोरगी डावा कोपरा शिकत असेल. तिला तुझी घोटापकड दाखवशील का? गुडघा किती वाकवायचा, चढाई करणारीचा बोनसचा पाय कधी पडतो, नजर तिच्या डोळ्यांवर नाही तर कमरेवर का ठेवायची, हे सगळं? दाखवलंस तर वर्षभरात ती तुझी जागा घेऊ शकते. तरी दाखव. जिल्हा संघाच्या निवडीतही हेच होतं. हंगामभर ज्या मंडळांशी तू झुंजलीस त्यांच्याच मुली तुझ्या शेजारी साखळीला उभ्या राहतात, आणि ज्यांनी एकमेकींचे घोटे पिळलेले असतात त्यांची साखळी धड बसत नाही.

कागदांचं आता. तू विचारलं नाहीस, पण तुझ्या वयात हे दारात येतंच. वय चोरणं आपल्याकडे इतकं रुळलं आहे, की ते खोटं आहे असं कोणाला वाटतच नाही. कुमार गट २० वर्षांखालचा असतो. "अजून एक वर्ष कुमार गटात खेळव, दाखल्याचं मी बघतो" असं म्हणणारा कोणीतरी भेटतो. आपल्या घरांत याला आणखी एक फाटा फुटतो. जन्मतारखेचा पुरावा म्हणून कधीकधी चर्चच्या बाप्तिस्मा नोंदवहीचा उतारा दाखवला जातो, आणि पाळकसाहेबांकडे तारीख थोडी इकडेतिकडे करून द्या म्हणून पालक जातात. देवासमोर ज्या पानावर लेकराचं नाव लिहिलं त्याच पानावर खाडाखोड मागतात. असं कोणी सुचवलं तर त्याच क्षणी नाही म्हण, विचार करून सांगते असंही म्हणू नकोस. वयाचा खोटा दाखला एका स्पर्धेपुरता राहत नाही. सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, त्यासाठी हीच प्रमाणपत्रं तपासली जातात, आणि ज्या मुलीची जागा तू खोट्या वयावर घेतलीस तिची नोकरीची वाटही तू अडवलेली असतेस.

दुसऱ्याच्या नावावर खेळणं, वजनी गटात बसण्यासाठी दोन दिवस पाणी तोडणं, हेही त्याच रांगेत. पाणी तोडण्यात खोटेपणाही आहे आणि शरीराची हानीही. आणि ताकदीचं इंजेक्शन म्हणून काही जिममध्ये मेफेनटरमाइन चोरून विकलं जातं. ते भूल दिलेल्या रुग्णाचा रक्तदाब उतरला तर वापरायचं औषध आहे, हृदयावर त्याचा भार येतो, आणि खेळाडूंसाठी ते बंदी यादीत आहे. मैत्रिणीने दिलं तरी घेऊ नकोस.

रविवारचं. स्कॉटिश धावपटू एरिक लिडेलचं नाव मावशीला ठाऊक असेल. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये १०० मीटरची प्राथमिक फेरी रविवारी होती म्हणून त्याने ती शर्यत सोडली, ४०० मीटर धावला आणि ४७.६ सेकंदांत सुवर्णपदक घेतलं. सांगताना लोक दोन गोष्टी गाळतात. एक, वेळापत्रक त्याला कितीतरी महिने आधी कळलं होतं आणि नकारही त्याने तेव्हाच कळवला होता. तो उरलेला वेळ ४०० मीटरच्या तयारीत गेला. ऐन वेळी संघाला तोंडघशी पाडणं त्याने केलं नाही. दुसरी गोष्ट त्याच्या आयुष्याच्या शेवटची. चीनमध्ये मिशनरी म्हणून असताना जपान्यांनी त्याला वेइशिएनच्या छावणीत ठेवलं, तिथेच फेब्रुवारी १९४५ मध्ये तो वारला. त्या छावणीत मुलं रविवारी हॉकी खेळताना मारामाऱ्या करू लागली, तेव्हा हाच लिडेल रविवारी शिट्टी घेऊन त्यांच्या सामन्याला पंच म्हणून उभा राहिला. स्वतःच्या पदकासाठी रविवार मोडायचा नाही, मुलांच्या भांडणासाठी मोडायचा, असा त्याचा विवेक होता. शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा दिवस, माणसासाठी आहे, हे मार्काच्या २ ऱ्या अध्यायातलं वचन त्याला नेमकं समजलं होतं असं मला वाटतं.

आपल्याकडे स्पर्धा रविवारीच असणार. साताऱ्याची हिल मॅरेथॉनसुद्धा रविवारी सकाळीच यवतेश्वरच्या घाटात सुटते. लोकांना सुट्टी तेव्हाच असते. रविवारी खेळणं पाप आहे असं मी म्हणत नाही, मी स्वतः रविवारी पंच म्हणून जाते. पण सहा-सहा महिने मंडळीत पाऊल न ठेवणाऱ्या खेळाडूंचा विश्वास हळूहळू वाळतो, हे मी पाहिलं आहे. म्हणून हंगामाचं वेळापत्रक आलं की प्रशिक्षकांसमोर बस. उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे), पुनरुत्थानाचा रविवार (ईस्टर) आणि नाताळ, या दिवशी मी नाही, हे तेव्हाच सांग. प्रभूभोजनाचा रविवारही शक्य तितका राख. ज्या रविवारी सामना आहे त्या दिवशी संध्याकाळची उपासना कुठे आहे ते आधीच बघून ठेव, किंवा शनिवारी घरी कुटुंबाबरोबर बस. पाळकसाहेबांना सांगून ठेव की मी कुठे आहे. ते तुझ्यासाठी प्रार्थना करतील, आणि मंडळीत "ती हल्ली दिसत नाही" ही कुजबूजही थांबेल.

नारळ फोडताना आदराने उभी राहा. ते मैदानाला आणि खेळाला दिलेल्या मानाचं रूप आहे, तुझ्या सोबतिणींची श्रद्धा आहे. तिथून तोंड फिरवून लांब जाणं हा उगाच केलेला अपमान होईल. पूजा करणं, आरती ओवाळणं मात्र तुझं काम नाही आणि ते कोणी जबरदस्तीने सांगतही नाही. सांगितलंच तर "मी उभी राहते, पूजा तू कर" एवढं पुरतं. प्रसादाचं पौलाने करिंथकरांना लिहिलंच आहे. मूर्ती काही नाही हे तुला ठाऊक आहे, पण शेजारच्या दुबळ्या मनाच्या माणसाला ठेच लागू नये. तुझ्या मनाला टोचत असेल तर हात जोडून नको म्हण. टोचत नसेल आणि सोबत कोणाला ठेच लागणार नसेल, तर वाद नको. मैदानात उतरताना माती कपाळाला लावणं, "छत्रपती शिवाजी महाराज की जय" म्हणणं, यात श्रद्धेचा प्रश्नच नाही. ते आपलंही आहे.

गुण मिळाल्यावर छातीवर क्रूसाची खूण, बक्षीस घेताना माइकवर देवाचे आभार, हे करायचं तर कर, मनापासून असेल तर छानच. पण ज्या मुलीने मघाशी शिट्टीनंतर घोटा पिळला तिने आभार मानले, तर ऐकणाऱ्यांच्या मनात प्रभूचं नाव कुठे जातं याचा विचार कर.

शेवटचं, प्रशिक्षकांचं. तू खरं सांगायला लागलीस की ते तुला बाकावर बसवतील, ही शक्यता आहे. बहुतेक प्रशिक्षक दोन-तीन सामने चिडतात आणि मग निवळतात, कारण चांगला डावा कोपरा सहज मिळत नाही. नाहीच निवळले तर हंगाम मध्येच सोडू नकोस, बाकावर बसून पाणी दे, सरावाला सगळ्यांच्या आधी ये. हंगाम संपल्यावर रीतसर मंडळ बदलता येतं. वाळवा तालुक्यात आणि इकडे मिरजेच्या बाजूला मुलींचे चांगले संघ आहेत, आणि जिल्हा निवड चाचणीत समितीसमोर मंडळाचं नाव नाही, तुझी पकड दिसते. तोवर उजव्या कोपऱ्याचंही काम शिकून घे. दोन्ही कोपरे खेळणारी मुलगी निवडीत मागे पडत नाही.